तोफांतून नांगर

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगावकडच्या गुर्लहोसूर गावी झाला. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. पण काही रंगांतला फरक त्यांना ओळखता येत नव्हता. चित्रकला सुटली, यंत्रांचे ड्रॉइंग मात्र त्यांनी सोडले नाही. काही वर्षे ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. नंतर बेळगावात भाऊ रामूअण्णांबरोबर सायकलींचे दुकान, मग कडबा कापायचे यंत्र आणि शेवटी लोखंडी नांगर! लोखंडाने जमीन नासते, असे तेव्हा शेतकऱ्यांना वाटे. त्यामुळे सुरुवातीला नांगर खपेनात. १९१० मध्ये औंधच्या राजांनी दिलेल्या माळरानावर, निवडुंग तोडून, त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली.

मित्रांनो, ओतकाम म्हणजे नुसता धातू वितळवून साच्यात ओतणे नव्हे. रस एकदम घट्ट होत नाही. आधी त्यात घन कण तयार होतात आणि कणांच्या मध्ये रसाचा पातळ थर उरतो. बहुतेक मिश्रधातू याच वेळी आकसू लागतात. साच्याने अडवले, तर कण एकमेकांपासून ओढले जातात. ती फट भरायला रस पोहोचला नाही, तर आत बारीक छिद्रे पडतात आणि ती जुळून भेग होते. कधी कधी वरून काहीच दिसत नाही. म्हणून चांगला ओतारी कोपरे गोल ठेवतो, जाडी एकदम बदलू देत नाही, जादा रसाची सोय करतो आणि वाळूचा साचा थोडा दबेल असा बनवतो. असा दोष राहिलेला नांगर नेमका ऐन नांगरणीत मोडणार. बैल उभे राहणार आणि शेतकऱ्याचा हंगाम वाया जाणार.

पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी लक्ष्मणरावांना जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर झाले.

आपल्या चेन्नईजवळ आवडीला टी-७२ रणगाडे बनवले गेले. त्यांचा बुरूज ओतीव पोलादाचा असतो. तिथे आतली भेग राहिली, तर धोका आतल्या जवानांना. नांगर असो वा रणगाडा, ओतताना घ्यायची काळजी तीच.

लक्ष्मणरावांचे निधन २६ सप्टेंबर १९५६ रोजी झाले. किर्लोस्करवाडीचा कारखाना आजही चालू आहे.