भास्कराचार्यांची पन्नास माकडं

मांजरी बुद्रुक स्टेशनवरून दौंडकडे जाणारा रूळ तुम्ही रोज बघता. हाच रूळ पुढे मनमाड गाठतो, तिथून चाळीसगाव. चाळीसगावजवळच्या पाटण गावाशी ज्यांचं नाव जोडलं गेलंय, त्या माणसामुळे तुमचा दहावीतला ‘पूर्ण वर्ग पद्धती’चा धडा आज जरा नीट कळेल.

भास्कराचार्यांचा जन्म १११४ सालचा. सह्याद्रीजवळचं विज्जडविड हे आपलं गाव, असं त्यांनीच नोंदवलंय. ते नेमकं कुठलं, यावर अभ्यासक अजून भांडतात. गुरू म्हणजे घरचेच, वडील महेश्वर. वयाच्या ३६व्या वर्षी, ११५० मध्ये, ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहून झाला. त्याचे चार भाग. ‘लीलावती’ तुम्हाला ऐकून माहीत असते, ‘बीजगणित’ मात्र कुणी उघडत नाही.

त्यातलं एक गणित बघा. माकडांचा एक कळप आहे. त्याच्या पाचव्या हिश्श्यातून तीन वजा करा, उरेल त्याचा वर्ग करा. तेवढी माकडं गुहेत गेली. एक फांदीवर दिसतंय. एकूण किती?

कळप क्ष धरा. सोडवत गेलात की क्ष² − ५५क्ष = −२५० इथे गाडी अडते. डावी बाजू वर्ग नाही, मूळ काढता येत नाही. मग दोन्ही बाजूंना ४ ने गुणा आणि ५५ चा वर्ग मिळवा. डावीकडे ४क्ष² − २२०क्ष + ३०२५, उजवीकडे २०२५. आता डावीकडची तीन पदं नीट पाहा. पहिलं २क्ष चा वर्ग, शेवटचं ५५ चा वर्ग, आणि मधलं? दोघांच्या गुणाकाराची दुप्पट. तिन्ही जुळली, म्हणजे त्रिपदी पूर्ण वर्ग झाली: (२क्ष − ५५)² = ४५². मधल्या पदाची ही दुप्पट विसरूनच आपण पेपरात मार्क घालवतो (मीही घालवलेत).

उत्तरं दोन येतात, ५० आणि ५. भास्कराचार्यांनी ५ नाकारलं. पाचाचा पाचवा हिस्सा एक, त्यातून तीन कसे वजा करणार? समीकरणात बसतं, पण माकडांत बसत नाही.

४ ने गुणायची ही युक्ती आपली नाही, श्रीधराचार्यांची आहे, हेही त्यांनी नाव घेऊन सांगितलं. श्रीधरांचं बीजगणित आज मिळत नाही. हा नियम आपल्यापर्यंत आला तो अशा उल्लेखांमुळेच. मला तर यातच त्यांचा मोठेपणा दिसतो. बाकी लीलावतीच्या मोडलेल्या लग्नाची गोष्ट अकबराच्या दरबारातल्या फैजीच्या १५८७ च्या फारसी भाषांतरातली, म्हणजे चार शतकांनंतरची. ती फारशी मनावर घेऊ नका.

६९व्या वर्षीही, ११८३ मध्ये, ते ‘करणकुतूहल’ लिहीत होते. मुलगा लक्ष्मीधर यादवांच्या दरबारी गेला. नातू चांगदेवाने पाटणला मठ काढला, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी. १२०७ मध्ये त्याला देणगी मिळाली, त्याचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाडांनी उजेडात आणला. लेख संस्कृतात, पण शेवटचा भाग चक्क जुन्या मराठीत आहे: पाटणच्या बाजारात माल विकला गेला की त्यावरच्या करातला वाटा मठाला द्यायचा.