गुग्लिएल्मो मार्कोनी

सन १८९५ ची गोष्ट. इटलीतील बोलोन्या शहराजवळच्या एका खेड्यात, आपल्या घराच्या खिडकीपाशी एकवीस वर्षांचा एक तरुण कान देऊन उभा होता. त्याचा भाऊ अल्फोन्सो एक यंत्र आणि एक बंदूक घेऊन समोरच्या टेकडीपलीकडे गेला होता. तरुणाने आपल्या यंत्राची कळ दाबली. थोड्याच वेळात टेकडीमागून बंदुकीचा बार ऐकू आला. संदेश पोचल्याची ती खूण होती. मधे तार नव्हती, उलट टेकडी आडवी होती, तरीही संदेश पोचला होता!

हा तरुण म्हणजे गुग्लिएल्मो मार्कोनी. त्यांचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी बोलोन्या येथे झाला. वडील इटालियन जमीनदार, तर आई आयर्लंडची होती. मार्कोनींचे बरेचसे शिक्षण घरीच झाले. हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाच्या विद्युतलहरींच्या प्रयोगांविषयी त्यांनी वाचले आणि या लहरींवरून संदेश पाठवण्याचा त्यांना ध्यास लागला. १८९६ मध्ये ते आईबरोबर इंग्लंडला गेले. तेथील टपाल खात्याचे मुख्य अभियंता विल्यम प्रीस यांनी त्यांना मदतीचा हात दिला. १८९९ मध्ये मार्कोनींचा संदेश इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधला समुद्र ओलांडून गेला.

पण एक मोठी अडचण होती. त्या काळी ठिणगी पाडून लहरी निर्माण करत. अशा यंत्रातून लहानमोठ्या अनेक लहरी एकदम निघत. दोन केंद्रे एकाच वेळी संदेश पाठवू लागली, की गोंधळ उडे. शिवाय बरीचशी शक्ती वाया जाई.

आपण झोपाळ्यावर बसलेल्या लहान भावाला झोका देतो. कसेही धक्के दिले, तर आपण दमतो आणि झोपाळा मात्र उंच जात नाही. झोपाळ्याच्या लयीत, नेमक्या वेळी हात लावला, की थोड्या जोरातही तो उंच जातो. बिनतारी यंत्राचेही असेच आहे. पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या यंत्रांची लय एक असेल, तर थोडी शक्तीही पुरते. ऑलिव्हर लॉज या इंग्रज शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये असा मेळ घालण्याची रीत शोधली होती. मार्कोनींनी ती पुढे नेली आणि १९०० मध्ये ७७७७ क्रमांकाचे प्रसिद्ध पेटंट मिळवले.

१२ डिसेंबर १९०१ रोजी इंग्लंडमधील पोल्डू येथून निघालेले तीन टिंबांचे संकेत अटलांटिक महासागरापलीकडे न्यूफाउंडलंडमध्ये आपण ऐकल्याचे मार्कोनींनी जाहीर केले. तेथे त्यांनी पतंगाला तार बांधून ती आकाशात चढवली होती. या कामाबद्दल त्यांना १९०९ मध्ये ब्राउन या शास्त्रज्ञासह नोबेल पारितोषिक मिळाले.

१९१२ मध्ये ‘टायटॅनिक’ जहाज बुडू लागले, तेव्हा बिनतारी हाक ऐकून ‘कार्पेथिया’ जहाज धावून आले आणि सातशेहून अधिक लोक वाचले. पण याहूनही जवळ ‘कॅलिफोर्नियन’ हे जहाज उभे होते. त्यावर एकच बिनतारी कामगार होता. दिवसभराचे काम संपवून, अपघाताच्या थोडेच आधी, यंत्र बंद करून तो झोपला होता. हाक होती, पण ऐकणारा जागा नव्हता. या दुर्घटनेनंतर जहाजांवर अखंड लक्ष ठेवण्याचे नियम झाले. पुढे दर तासातून दोनदा तीन-तीन मिनिटे सर्वांनी संदेश थांबवून फक्त संकटाची हाक ऐकावी, असेही ठरले. त्यासाठी वेगळा इशारा द्यावा लागत नसे. भिंतीवरचे घड्याळ पुरेसे असे.

दूर जायचे तर लहर लांब हवी आणि शक्ती प्रचंड हवी, असे त्या काळी सर्वांना वाटे. मार्कोनींनीही शेकडो किलोवॅटची केंद्रे उभारली. मात्र लघुलहरींकडे आपले दुर्लक्ष झाले, हे त्यांनी पुढे मोकळेपणाने मान्य केले. १९२३ मध्ये ‘एलेत्रा’ या आपल्या जहाजावरून त्यांनी नवे प्रयोग केले. पोल्डूची शक्ती १ किलोवॅटपर्यंत उतरवली, तरी हजारो किलोमीटरवर संकेत स्पष्ट ऐकू आले. लघुलहरी झोताप्रमाणे एकाच दिशेने पाठवण्याची ही पद्धत १९२७ मध्ये भारतातही आली. महाराष्ट्रातील खडकी आणि दौंड येथील केंद्रे थेट इंग्लंडशी जोडली गेली.

२० जुलै १९३७ रोजी रोम येथे मार्कोनींचे निधन झाले. त्यांच्या सन्मानार्थ बिनतारी केंद्रे दोन मिनिटे मूक राहिली.

आज आपल्या हातातला मोबाइलही सतत जागा नसतो. तो ठरल्या क्षणी जागा होतो, मनोऱ्याची हाक ऐकतो आणि पुन्हा डुलकी घेतो. म्हणूनच त्याची बॅटरी टिकते. दोघांचा मेळ राहावा म्हणून मनोरा ठरावीक अंतराने संकेत पाठवतो. चौथ्या पिढीच्या मोबाइल यंत्रणेत तो दर ५ मिलिसेकंदांनी जातो. पाचव्या पिढीत हे अंतर साधारणपणे २० मिलिसेकंद असते आणि ते १६० पर्यंत वाढवता येते. मधल्या वेळात मनोऱ्यालाही विसावा मिळतो आणि वीज वाचते. झोपाळ्याला नेमक्या वेळी हात लावण्याचीच ही रीत आहे.