सर जेम्स ड्यूअर

प्रवासांत चहा ऊन राखणारी थर्मासची बाटली आमच्या विद्यार्थ्यांच्या परिचयाची आहेच. परंतु मुळांत ती चहासाठीं निर्माण झाली नाहीं, हें थोड्यांसच ठाऊक असेल. तिचे जनक सर जेम्स ड्यूअर यांचें चरित्र आम्ही येथें देत आहों.

ड्यूअर यांचा जन्म १८४२ सालीं स्कॉटलंडांतील किंकार्डिन गांवीं झाला. दहाव्या वर्षीं बर्फ फुटून ते गार पाण्यांत पडले व संधिवाताच्या तापानें पुष्कळ दिवस अंथरुणास खिळले. त्या दुखण्यांत ते गांवच्या सुताराकडून व्हायोलिन करावयास शिकले. त्यांचें हस्तकौशल्य तेथचेंच. एडिंबरो येथें शिक्षण संपवून पुढें १८७७ सालीं ते लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें अध्यापक झाले.

हायड्रोजन हा वस्तुतः धातु असून त्याचा रस पाऱ्याप्रमाणें चकाकेल, अशी त्या काळीं कित्येक विद्वानांची समजूत होती. तो रस करावयाचा तर भयंकर शीत पाहिजे, आणि तें टिकवावयास पात्र पाहिजे. म्हणून १८९२ सालीं ड्यूअर यांनीं दुहेरी भिंतींचें, मधली हवा काढून टाकलेलें कांचपात्र तयार केलें. हीच आपली थर्मास! पुढें १० मे १८९८ रोजीं, हवेच्या १८० पट दाबाखालीं ठेवून शून्याखालीं २०५ अंशांपर्यंत थंड केलेला हायड्रोजन बारीक छिद्रांतून सोडतांच पात्रांत त्याचा रस जमूं लागला. अवघा वीस घन सेंटिमीटर! परंतु तो पाण्यासारखा निर्मळ निघाला. धातूचें लक्षण त्यांत कांहींच नव्हतें. पुढील वर्षीं तो गोठविला, तेव्हांही कांचेसारखें बर्फच झालें.

थंडीनें शुद्ध धातूंतील विजेचा अडथळा कमी होतो, हेंही त्यांनीं फ्लेमिंग यांच्यासह पूर्वींच दाखविलें होतें. आतां उरला होता हेलियम. येथें मात्र त्यांचा तापट स्वभाव आडवा आला, असें आम्हांस वाटतें. हेलियमची ज्यांस सर्वाधिक माहिती त्या रॅम्झे यांच्याशींच त्यांचें वितुष्ट होतें. १९०८ सालीं लायडनच्या कामरलिंग ओनेस यांनीं तो वायु द्रवरूप केला, तोही ड्यूअर यांच्याच धर्तीच्या पात्रांत. आणि १९११ सालीं त्या शीतांत पाऱ्यांतील अडथळा अजिबात नाहींसा झालेला त्यांस आढळला. नोबेल पारितोषिक ओनेस यांस मिळालें. बाटलीचें पेटंटही ड्यूअर यांनीं घेतलें नव्हतें. १९०४ पासून जर्मनींत ती थर्मास नांवानें निघाली, व विक्रींतील एक पैही त्यांच्या हातीं आली नाहीं. १९२३ सालीं ते लंडन येथें वारले.

हायड्रोजन धातु होतो ही समजूत मात्र अगदींच खोटी नव्हती. प्रचंड दाबाखालीं तसें घडेल, असें विग्नर व हंटिंग्टन यांनीं १९३५ सालीं गणितानें मांडलें. हा धातु विजेस अडथळाच करणार नाहीं, अशी अटकळ ॲशक्रॉफ्ट यांनीं १९६८ सालीं बांधली. २०१४ सालीं चीनमधील शास्त्रज्ञांनीं संगणकावर हिशेब करून गंधक व हायड्रोजन यांच्या संयुगाविषयीं तसेंच भाकित केलें, आणि २०१५ सालीं जर्मनींत मेंझ येथें शून्याखालीं सुमारें ७० अंशांवर तें प्रयोगानें खरें ठरलें. त्यासाठीं लागलेला दाब हवेच्या सुमारें पंधरा लक्ष पट होता. ड्यूअर यांच्या यंत्रांत तो १८० पट होता.