मल्लवीर खाशाबा जाधव

निपाणी-बेळगाव भागात तालमीची तांबडी माती ज्याला ठाऊक नाही असा विद्यार्थी विरळाच. कोल्हापूरच्या आखाड्यांची कीर्ती ऐकतच येथील मुले जोर-बैठका काढू लागतात. परंतु त्याच मातीतून थेट हेलसिंकीपर्यंत पोहोचलेल्या मल्लाचे चरित्र फार थोड्यांना माहीत असते. म्हणून ते आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कऱ्हाडजवळील गोळेश्वर या खेड्यात झाला. वडील स्वतः मल्ल असल्यामुळे कुस्तीचे बाळकडू घरीच मिळाले. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलातून ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात आले. शरीरयष्टी ठेंगणी, प्रथमदर्शनी कोणी त्यांना मल्ल म्हटले नसते. परंतु ढाक या डावावर त्यांची विलक्षण हुकमत होती आणि तिने भलेभले चीत झाले.

१९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले. मातीत वाढलेल्या या मल्लाला गादी नवी, नियमही नवे. तरीही ५२ किलो वजनगटात त्यांनी सहावा क्रमांक मिळविला.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी निवड झाली, पण प्रवासाला पैसा नव्हता. गावकऱ्यांनी वर्गणी जमविली आणि राजाराम महाविद्यालयातील त्यांचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. शिष्याच्या कुस्तीसाठी गुरूने घर गहाण टाकावे, ही गोष्ट आम्हा शिक्षकांना पदकाहूनही मोठी वाटते.

हेलसिंकीत ५७ किलो गटात कॅनडा, मेक्सिको व जर्मनी यांच्या मल्लांना त्यांनी हरविले. जपानच्या शोहाची इशी याच्याशी झालेली दीर्घ लढत त्यांनी थोडक्यात गमावली. याच इशीने पुढे सुवर्णपदक जिंकले. त्या दमछाकीनंतर लगेच सोव्हिएत मल्ल रशीद मामेदबेकोव्ह याच्याशी लढण्यास त्यांना सांगण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम होता. पण त्यावर बोट ठेवण्यास एकही भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता! थकलेले खाशाबा हरले आणि कांस्यपदकाचे मानकरी ठरले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे मिळण्यास १९९६ साल उजाडावे लागले. ते टेनिसपटू लिएंडर पेस यांनी अटलांटा येथे मिळविले.

हॉकीच्या सुवर्णपदकापुढे देशाचे या कांस्याकडे फारसे लक्ष गेले नाही. गोळेश्वरने मात्र ते डोक्यावर घेतले. शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक कऱ्हाड स्थानकावरून निघाली आणि एरवीच्या पाव तासाच्या वाटेला सात तास लागले. हारतुरे उतरताच खाशाबांनी पुन्हा लांग चढविली. कुस्त्यांचे फड भरवून जो पैसा आला, त्यातून त्यांनी प्राचार्यांचे ऋण फेडले.

१९५५ साली ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकची वाट बंद झाली. साहाय्यक पोलीस आयुक्त या पदावरून ते निवृत्त झाले आणि १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात मृत्यू पावले. अर्जुन पुरस्कार त्यांच्या नावे दिला गेला तो २००१ साली. तो स्वीकारण्यास ते नव्हते. दिल्लीच्या कुस्ती क्रीडागृहाला त्यांचे नाव मिळाले २०१० साली. गोळेश्वरातील त्यांच्या घराचे नाव मात्र पूर्वीपासूनच ‘ऑलिंपिक निवास’ असे आहे.