सुवर्णमुखी संत योहान ख्रिसोस्तोम : प्रवचनकारांचा आधारस्तंभ

दरवर्षी १३ सप्टेंबर रोजी ख्रिस्तसभा संत योहान ख्रिसोस्तोम यांचा स्मृतिदिन साजरा करते. 'ख्रिसोस्तोम' म्हणजे सोन्याच्या मुखाचा. ही उपाधी त्यांना मृत्यूनंतर जडली. हयातीत ते केवळ योहान होते. पोप संत दहावे पायस यांनी १९०८ साली त्यांना प्रवचनकारांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. परंतु एवढ्या मोठ्या वक्त्यालाही आपले बोलणे वाया जाते आहे काय, हा प्रश्न पडला होता, हे आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल. म्हणून त्यांच्या चरित्राची ही बाजू आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

योहान यांचा जन्म इ. स. ३४९ च्या सुमारास सिरियातील अंत्युखिया नगरीत झाला. वडील लवकरच वारले. आई अंथुसा तेव्हा जेमतेम वीस वर्षांची होती. तिने पुनर्विवाह न करता मुलाला वाढविले. लिबानियस या नामांकित गुरूपाशी योहान वक्तृत्व शिकले. पुढे स्नानसंस्कार घेऊन ते डोंगरात तपस्व्यांच्या सहवासात राहिले. शेवटची दोन वर्षे त्यांनी गुहेत एकांतात इतकी कठोर साधना केली की पोट व मूत्रपिंडे कायमची बिघडली आणि त्यांना शहरात परतावे लागले. ३८१ साली ते डीकन झाले, तर ३८६ साली बिशप फ्लाविआन यांनी त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा दिली.

दुसऱ्याच वर्षी, ३८७ मध्ये, त्यांची कसोटी लागली. नव्या कराच्या बातमीने खवळलेल्या जमावाने सम्राट थिओडोसियस व त्यांच्या कुटुंबीयांचे पुतळे पाडले. हा राजद्रोह होता. अख्ख्या नगराचा नाश होईल अशी धास्ती पसरली. वृद्ध बिशप फ्लाविआन क्षमायाचना करण्यासाठी थंडीच्या दिवसांत कॉन्स्टँटिनोपलला निघाले आणि भेदरलेल्या लोकांना सांभाळण्याचे काम योहान यांच्यावर आले. प्रायश्चित्तकाळभर त्यांनी दिलेली प्रवचने 'पुतळ्यांविषयीची प्रवचने' म्हणून प्रसिद्ध आहेत. लोकांच्या डोक्यावर मृत्यू लटकत असताना योहान त्यांना पुन्हा पुन्हा सांगत होते ते काय, तर शपथा वाहण्याची सवय सोडा! आम्हाला हे प्रथम विचित्र वाटले. पण विचार केला असता त्यातील शहाणपण कळते. सम्राट काय करील ते लोकांच्या हाती नव्हते. आपली जीभ मात्र त्यांच्या हाती होती. पुनरुत्थान सणाच्या सुमारास फ्लाविआन क्षमापत्र घेऊन परतले.

संकट सरले की मंदिरातील गर्दीही सरते, हा आपल्याही धर्मग्रामांचा अनुभव आहे. अंत्युखियात घोड्यांच्या शर्यतीचा दिवस असला की प्रवचनाला माणसे कमी होत. जे येत ते नाटकगृहात असल्याप्रमाणे टाळ्या वाजवीत. त्यांना टाळ्या नको, आचरण हवे होते. एकदा दिवे लावणारा सेवक आत आला, तेव्हा साऱ्यांच्या माना तिकडे वळल्या आणि योहान यांना प्रवचन थांबवून श्रोत्यांची कानउघाडणी करावी लागली. रविवारच्या मिस्सेत भ्रमणध्वनी वाजल्यावर आमच्या धर्मगुरूंची जी अवस्था होते, ती सोळाशे वर्षांपूर्वीची आहे.

मग त्यांनी धीर कुठून आणला? श्रीमंत मनुष्य व लाजरस यांच्या दाखल्यावरील पहिल्या प्रवचनात त्यांनी हा विषय स्वतःच काढला आहे. वर्षारंभाच्या उत्सवात मद्यपानात दंग होऊ नका असे सांगूनही पुष्कळांनी ऐकले नव्हते. योहान म्हणतात ते असे की, कोणी पाणी भरो न भरो, झरा वाहणे थांबवीत नाही. तसे प्रवचनकाराचेही असावे. सर्वांनी ऐकले नसेल, निम्म्यांनी ऐकले असेल. निम्म्यांनी नाही, तर एकाने. आणि आज कोणीच ऐकले नसेल तर कदाचित उद्या ऐकतील. शिवाय जो ऐकत नाही, तोही निदान पूर्वीच्या निर्लज्जपणाने पाप करू शकत नाही. 'धर्मगुरुपदाविषयी' या ग्रंथातही त्यांनी बजावले आहे की प्रवचनकाराने परिश्रम पुष्कळ करावे, पण स्तुतीची भूक ठेवू नये. नाहीतर श्रोते त्याचे मालक होतात.

सगळेच मात्र अनुकरणीय नव्हते. यहुदी सणांना जाणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आवरण्यासाठी त्यांनी ३८६-८७ मध्ये दिलेली प्रवचने यहुदी बांधवांविषयी अतिशय कठोर आहेत आणि पुढील शतकांत त्यांचा दुरुपयोगही झाला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली असा द्वेष स्पष्टपणे धिक्कारला. संताचा शब्दही सुवार्तेच्या कसोटीवर घासून पाहावा लागतो.

इ. स. ३९८ मध्ये योहान कॉन्स्टँटिनोपलचे बिशप झाले. लोक अडवतील म्हणून त्यांना अंत्युखियातून गुपचूप नेण्यात आले होते. तेथे त्यांनी बिशपनिवासाचा खर्च छाटून रुग्णालये उभारली, गॉथ लोकांना त्यांच्या भाषेतील उपासनेसाठी मंदिर दिले आणि दुभाष्याच्या साहाय्याने तेथे स्वतः प्रवचनही केले. ऐशारामी धर्मगुरू व दरबारी मंडळी यांना हे मानवले नाही. सम्राज्ञी युडोक्झिया दुखावली. ४०३ मध्ये विरोधी बिशपांच्या सभेने त्यांना पदच्युत केले. ते काही दिवसांतच परत आले, पण जून ४०४ मध्ये कायमचे हद्दपार झाले.

अर्मेनियातील कुकुसस या दूरच्या गावी आता प्रवचनपीठ नव्हते, टाळ्याही नव्हत्या. होती ती लेखणी. तेथून त्यांनी डीकनपदावरील ऑलिंपियास या भगिनीला लिहिलेली सतरा पत्रे आज उपलब्ध आहेत. खचलेल्या मनाला ती आजही उभारी देतात. फिनिशियात मारहाण सोसणाऱ्या धर्मगुरूंना त्यांनी काम सोडून न जाण्याची विनंती केली आणि त्यांच्या अन्नवस्त्राची व्यवस्थाही लावली. स्वतः आजारी, बर्फात अडकलेला हा वृद्ध बिशप इतरांना धीर देत होता, हे आम्हाला त्यांच्या गाजलेल्या प्रवचनांइतकेच मोलाचे वाटते.

पत्रांमुळे त्यांचा प्रभाव वाढतो हे पाहून त्यांना काळ्या समुद्राकाठच्या पिटियस येथे हलविण्याचा हुकूम झाला. ऊनपावसात चालवत नेताना पोंतुस प्रांतातील कोमाना येथे, १४ सप्टेंबर ४०७ रोजी, ते प्रभुचरणी विलीन झाले. तो दिवस पवित्र क्रुसाच्या विजयाचा असल्याने त्यांचा स्मृतिदिन आदल्या दिवशी पाळला जातो. ४३८ साली त्यांचे अवशेष सन्मानाने कॉन्स्टँटिनोपलला आणले गेले. पुढे ते रोमला गेले आणि नोव्हेंबर २००४ मध्ये पोप संत दुसरे जॉन पॉल यांनी ते पॅट्रिआर्क बार्थोलोम्यू यांच्या हाती परत सोपविले.