दशांश अपूर्णांक आणि सायमन स्टेव्हिन



पाचवीच्या वर्गात फळ्यावर ०.६ आणि ०.४५ लिहून मोठी संख्या कोणती असं विचारून बघा. बरीच मुलं ०.४५ सांगतात. कारण काय, तर ४५ हे ६ पेक्षा मोठे! मीसुद्धा बरीच वर्षे फक्त पॉइंटखाली पॉइंट लिहा, शेवटी शून्य द्या एवढंच सांगत आले. उत्तरं बरोबर यायची, पण पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मग सायमन स्टेव्हिनबद्दल वाचलं आणि शिकवण्याची पद्धत थोडी बदलली. म्हणून आज त्यांची ओळख.

स्टेव्हिन यांचा जन्म १५४८ मध्ये ब्रुज या शहरात झाला. हे शहर आज बेल्जियम देशात आहे. तरुणपणी त्यांनी अँटवर्पला हिशेबनीस म्हणून काम केलं, नंतर ब्रुजला कर खात्याच्या कचेरीत. म्हणजे दिवसभर आकडेमोड. आणि ती सोपी नव्हती बरं का. तिकडे एका गिल्डरचे २० स्टायव्हर व्हायचे, एका स्टायव्हरचे १६ पेनिंग. जमीन, कापड, दारू, प्रत्येकाचं माप वेगळं आणि त्याचे भागही वेगळे. साधी बेरीज करायची तरी आधी छेद समान करा, मग अंश मिळवा, मग संक्षिप्त रूप द्या. आपल्या मुलांना जो कंटाळा येतो तोच तिथल्या मोठ्या माणसांना रोज यायचा, आणि चूक झाली की खरे पैसे जायचे.

१५८२ मध्ये त्यांनी व्याजाची कोष्टके छापली. पेढीवाले अशी कोष्टके सहसा स्वतःजवळच ठेवायचे, यांनी ती सगळ्यांसाठी खुली केली. पुढच्याच वर्षी, वयाच्या पस्तिशीत, त्यांनी लायडन विद्यापीठात नाव घातलं. नोकरी सांभाळून पदवी पूर्ण करणाऱ्या आपल्यातल्या अनेकांना हे वाचून बरं वाटेल!

१५८५ मध्ये त्यांची एक छोटी पुस्तिका निघाली. नाव ‘द तिन्दे’, म्हणजे दहावा भाग. विद्वानांच्या लॅटिनमध्ये न लिहिता त्यांनी ती लोकांच्या डच भाषेत लिहिली. आणि कोणासाठी? आकाश बघणारे, जमीन मोजणारे, गालिचे मोजणारे, दारूची पिंपे मोजणारे, टांकसाळीचे अधिकारी आणि व्यापारी यांच्यासाठी. सांगणं एवढंच होतं, की छेद नेहमी १०, १००, १००० असाच घ्या, मग अपूर्णांकाची बेरीज पूर्ण संख्येसारखीच होते.

दशांश अपूर्णांक त्यांनी शोधले असं मात्र मुलांना सांगू नका. समरकंदचे अल-काशी यांनी ते दीडशेहून अधिक वर्षे आधी वापरले होते. स्टेव्हिन यांनी ते रोजच्या व्यवहारात आणायचा मार्ग दाखवला.

त्यांच्याकडे आपला पॉइंट नव्हता. ते प्रत्येक अंकानंतर छोट्या वर्तुळात आकडा लिहायचे. इथे वर्तुळाऐवजी कंस वापरते. २७.८४७ म्हणजे २७(०) ८(१) ४(२) ७(३). (०) म्हणजे पूर्ण, (१) म्हणजे दशांश, (२) शतांश, (३) सहस्रांश. पुस्तिकेत २७.८४७, ३७.६७५ आणि ८७५.७८२ यांची बेरीज करून दाखवली आहे. उत्तर ९४१.३०४. करून बघा, एकही छेद लिहावा लागत नाही.

आता आपल्या ०.६ आणि ०.४५ कडे या. मुलांना वर्तुळं काढायला लावा: ६(१) आणि ४(१) ५(२). इकडे सहा दशांश, तिकडे चारच. माझ्या वर्गात एक मुलगी लगेच म्हणाली, मॅडम, हे तर डेअरीच्या पावतीसारखं आहे, ३.९ फॅटपेक्षा ४.१ ला जास्त भाव. गुणाकारातही गंमत आहे. ३(१) गुणिले २(२) करताना वर्तुळातले १ आणि २ मिळवले की ६(३), म्हणजे ०.००६. स्थळं का मोजायची ते इथे दिसतं. ही पद्धत लिहायला लांबलचक आहे, त्यामुळे दोन-तीन तासिका झाल्या की पॉइंटवर या.

पुढे ते राजपुत्र मॉरिसचे गणिताचे शिक्षक झाले. वाऱ्यावर चालणारी शिडाची गाडीही त्यांनी बनवली होती. १६२० मध्ये त्यांचे निधन झाले.

नाणी आणि मापेसुद्धा दहाच्या पटीत करावीत असं त्यांनी त्याच पुस्तिकेत सुचवलं होतं, पण तेव्हा कोणी मनावर घेतलं नाही. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १०० नवे पैसे झाले. त्याआधी रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे आणि पैशाच्या ३ पै. आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी पाठ का करावी लागली, ते त्यांनाच विचारा.

सराव: (१) २ रुपये ११ आणे ९ पै + १ रुपया ७ आणे ६ पै. (२) २.७४ रुपये + १.४७ रुपये. दोन्ही गणितं घड्याळ लावून सोडवा आणि लागलेला वेळ वहीत लिहा. पहिल्याचं उत्तर ४ रुपये ३ आणे ३ पै आलं पाहिजे.