सभागृहात आणि रस्त्यावरही : कर्मवीर दादासाहेब गायकवाड

बारामती-इंदापूरच्या ऊसपट्ट्यात निवडणूक आली की उमेदवार वस्तीत येतात, बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घालतात. भूमिहीनांच्या जमिनीचा विषय मात्र फारसा निघत नाही. म्हणून आम्हाला दादासाहेबांची आठवण करून द्यावीशी वाटते.

भाऊराव कृष्णराव गायकवाड यांचा जन्म 15 ऑक्टोबर 1902 रोजी नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात, आंबे या गावी झाला. 1930 च्या काळाराम मंदिर सत्याग्रहाची स्थानिक धुरा त्यांनी वाहिली. 1937 मध्ये ते स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेवर निवडून आले. 1957 ला संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनकडून नाशिकचे खासदार झाले. त्याच वर्षी रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. 1962 ते 1968 ते राज्यसभेत होते.

पण त्यांची खरी ओळख भूमिहीनांचा नेता अशीच राहिली. खासदार असतानाच 1959 चा भूमिहीनांचा सत्याग्रह त्यांनी उभा केला. 6 डिसेंबर 1964 पासून देशभर झालेल्या सत्याग्रहात लाखो लोक तुरुंगात गेले. पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याला द्या, ही त्यातली ठळक मागणी होती.

पक्षातली फूट आणि 1967 नंतरची काँग्रेसशी युती यांवरून त्यांच्यावर टीका झाली. ती चर्चा व्हायलाच हवी. तरीही, 29 डिसेंबर 1971 रोजी ते गेले तेव्हा मागे राहिलेला जमिनीचा प्रश्न आजही आपल्यासमोर आहे. पुढच्या वेळी उमेदवार वस्तीत आला, की त्याला गावच्या गायरानाचे काय करणार, हे तरुणांनी आधी विचारावे. जय भीम!